आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?

२०२५ च्या जून महिन्यात केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचे तापमान यापुढे २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच ठेवता येईल असा नियम आणण्याचे जाहीर केले, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तीन दिवस दुसरा विषय निघाला नाही. सरकार आता आमच्या झोपायच्या खोलीतही शिरणार का, येथपासून सोळा अंशांवर एसी लावून गोधडीत झोपणे हा माणसाचा हक्क आहे की नाही, येथपर्यंत सर्व मते मांडून झाली. नेमका त्याच दिवसांत माझा धाकटा भाऊ जुळे सोलापूरच्या पुढे घेतलेल्या अडीच गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधत होता. काम जोत्याच्या वर आले होते. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात शनिवारची केअरवोखं, म्हणजे पाळीने येणारी झाडलोट, आटोपून, झाडू जागेवर ठेवून, मोठ्या समजुतीच्या सुरात गटावर लिहिले की एसीच्या आकड्यावरून भांडण्यापेक्षा स्लॅबवर उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनचा तीन सेंटीमीटरचा थर टाकावा, म्हणजे त्या आकड्याची एवढी धास्ती राहणार नाही.

भावाने स्वतःचे उत्तर दिले नाही, त्याच्या इंजिनिअरचे दिले. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" त्याखाली एका मावसभावाने हसून लोळणारे तीन चेहरे टाकले आणि विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. मुळात तो इंजिनिअर अडाणी नाही. त्याने बांधलेली घरे सरळ उभी आहेत आणि गळत नाहीत, आणि सोलापुरात घर बांधून घेणाऱ्या माणसाला एवढेच हवे असते. तरीही ऊर्जा वाचवणारे घर ही थंड देशांची चैन आहे, आपल्याला फार तर चांगला एसी आणि छतावर सोलर पुरे, हे मत मी इतक्या सुशिक्षित माणसांकडून ऐकले आहे की आता ते मला मत वाटत नाही, हट्ट वाटतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरेच आहे. परंतु आपल्याकडे बर्फ विकला जातो, आणि मे महिन्यात सायकलवरून बर्फाची लादी नेणारा माणूस ती उघडी नेत नाही, लाकडाच्या भुशात दाबून पोत्यात गुंडाळून नेतो. त्या माणसाला जे कळते तेच मी सांगत होतो. भुसा ऊब देत नाही आणि गारवाही देत नाही; तो उष्णतेला फक्त उशीर लावतो, मग ती आतून बाहेर चाललेली असो की बाहेरून आत.

सोलापूरच्या घरात उष्णतेचा मुख्य रस्ता डोक्यावरून येतो. उन्हाळ्यात दुपारी उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग सहज साठ अंशांच्या घरात जातो, हे अनवाणी गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या कोणत्याही बाईला थर्मामीटरशिवाय ठाऊक असते. भिंतीतून वा छतातून उष्णता किती सहज आरपार जाते ते यू-व्हॅल्यू नावाच्या आकड्याने मोजतात: आतल्या-बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमधून जाणारे वॉट. सहा इंची उघड्या आरसीसी स्लॅबचा हा आकडा तीनच्या वर असतो. म्हणजे वर साठ अंश आणि आत बत्तीस अंश असतील, तर दर चौरस मीटरमधून नव्वद-शंभर वॉट, आणि अकराशे चौरस फुटांच्या छतातून मिळून जवळपास दहा किलोवॉट उष्णता खाली उतरते. हिशेब ढोबळ आहे, कारण काँक्रीट उष्णता आधी पोटात साठवते आणि काही तासांनी सोडते. पण तो दिलासा नव्हे, तीच तर खरी पीडा आहे. ऊन उतरल्यावर, बाहेर झुळूक सुरू झाल्यावर, आतले छत तव्यासारखे तापलेले असते आणि पंखा तीच हवा खाली ढकलत राहतो. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. वरच्या हिशेबाने तसे तीन एसी भर दुपारी नुसत्या छताशी झुंजत राहतील. त्याच स्लॅबवर तीन सेंटीमीटरचा दाट फोम घातला, तर यू-व्हॅल्यू एकच्या खाली येते आणि उतरणारी उष्णता चौथाईवर. यात बर्फाचा संबंध कोठे आला?

भावाने गवंड्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "स्लॅबवर थर्माकोल? मखर करायचंय का?" विनोद चांगला होता, हे मला मान्य करावे लागले. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, हे मी त्याला कळवायला सांगितले. ते कोणी कळवले नसावे.

या सगळ्यात मला अधिक खुपते ती एक वेगळीच गोष्ट. बार्शीकडच्या माझ्या आजोळच्या घराला माळवद होते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. भिंती एवढ्या रुंद की खिडकीच्या खोबणीत मी आणि मामेभाऊ समोरासमोर बसून सागरगोट्या खेळत असू. मे महिन्यात दुपारी बाराला आजी पुढचे दार लावून घेई आणि घर संध्याकाळी पाचपर्यंत डोळे मिटून पडलेले असे. आत अंधार असे, शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास असे, आणि मला आठवते त्याप्रमाणे गारवाही असे. अर्थात आठवणीतल्या गारव्याची यू-व्हॅल्यू कोणी मोजलेली नाही. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकावी लागे, तरी पावसात एखाद्या कोपऱ्यात पातेले ठेवावे लागेच. म्हणून मामांनी हातात पैसा येताच माळवद उतरवले आणि स्लॅब टाकला. मला त्यात वावगे काही दिसत नाही; पातेली ज्यांना रात्री उठून रिकामी करावी लागत नाहीत त्यांनी माळवदाचे गोडवे गाऊ नयेत. पण स्लॅब आला तेव्हा गळती गेली, आणि तिच्याबरोबर तो हातभर थरही गेला, ही दुसरी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. नऊ इंची विटांची भिंत आली, तिची यू-व्हॅल्यू दोनच्या वर. मग पंखे आले, पंख्यांमागून कूलर, कूलरमागून एसी. आणि आता तोच हरवलेला थर परत घालावा म्हटले की ती परदेशी चैन ठरते.

परदेशाचे आता सांगतो, कारण ते सांगायची मला हौस आहे असा गटावर माझ्यावर आरोप आहेच.

आम्ही २०२१ मध्ये येथे नव्याने बांधलेले ओळघर, म्हणजे रो-हाऊस, घेतले. ते फार काटकसरीचे घर आहे, ऊर्जेच्या दाखल्यावर वरच्या हिरव्या पट्ट्यात बसते, हिवाळ्यात बाहेर उणे आठ असताना आत आम्ही पातळ शर्टवर वावरतो. खिडक्यांना तीन काचा आहेत, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा हीट पंप अंगणात कुंपणापाशी गुरगुरत असतो, जुनी हवा बाहेर जाताना आपली ऊब नव्या हवेला देऊन जाते. पाहुण्यांना हे मी दाखवतो, आणि दाखवताना माझा सूर काहीसा मालकाचा होतो. वस्तुतः त्यात माझे कर्तृत्व शून्य आहे. मी फक्त नळांचे डिझाइन आणि फरशीचा रंग निवडला. छताला किती इन्सुलेशन असावे हे मला कोणी विचारलेच नाही, कारण ते विचारण्याजोगे नव्हतेच: येथील इमारत ऊर्जा कायद्याने नव्या घराची तुलना ज्या नमुना घराशी होते, त्याच्या छताची यू-व्हॅल्यू ०.२० आहे. १९७३ च्या तेलटंचाईने हा देश हादरला, १९७७ मध्ये उष्णता-संरक्षणाचा पहिला नियम लागू झाला, आणि त्यानंतर दर काही वर्षांनी दोरी थोडी थोडी आवळली गेली. २०२० मध्ये विखुरलेले नियम एका कायद्यात आले, २०२३ पासून नव्या घराची प्राथमिक ऊर्जेची, म्हणजे इंधन मिळवण्या-पोचवण्याच्या खर्चासह मोजलेल्या ऊर्जेची, मुभा नमुना घराच्या ७५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आणली. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, मे २०२२ पासून नव्या घराच्या छपरावर सोलरही सक्तीचे आहे. शेजारचा निवृत्त वाहनचालक आणि मी, दोघांचीही घरे सारखीच शहाणी आहेत; आम्ही दोघे शहाणे असण्याची अट त्यात नव्हती.

ताबा मिळण्याआधी ब्लोअर डोअर टेस्ट झाली. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातली हवा ५० पास्कलच्या फरकाने ओढायची आणि घर तासाला किती वेळा हवा बदलते ते मोजायचे; यांत्रिक वायुवीजन असलेल्या घराला मर्यादा १.५ ची. आमचे घर पहिल्या फेरीत २.१ ला नापास झाले. तपासणारा माणूस हातात धुराची कांडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला, आणि वरच्या खोलीत एका सॉकेटपाशी धूर एकदम वाकला. वायरिंग करणाऱ्याने भिंतीत भोक पाडून ते तसेच सोडले होते. बिल्डरने चेहरा वाकडा केला, माणूस पाठवला, दुसऱ्या फेरीत आकडा १.१ आला. ही गोष्ट मी भारतात किमान दहा जणांना सांगितली असेन, आणि दर वेळी शेवटी "याला म्हणतात स्टँडर्ड" असे म्हणालो असेन. भाऊ एकदा म्हणाला, "भोक तर तिथल्यानेही पाडलंच ना?" मी म्हणालो, पण पकडले गेले. तो म्हणाला, "आमच्याकडे भोकातून वारा येतो, तो आम्हाला हवा असतो." त्या वेळी मला तो कुचका वाटला. आता वाटते की घर बंद ठेवावे की उघडे या बांधकामाच्या एका जुन्या वादाबद्दल तो बोलत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हते.

कारण आपल्याकडे नियम नाही असे नाही, आणि जो आहे तो जर्मनीची नक्कलही नाही. २०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली; नाव रिसॉर्टचे वाटते, पण आत शिस्तीचे काम आहे. ती करताना स्वित्झर्लंडचे सहकार्य होते, म्हणून "पुन्हा परदेशी" असे कोणी म्हणेल. त्याने ती उघडून पाहावी. तिच्यात छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत मागितली आहे, येथील नमुन्याच्या सहापट ढिली, आणि आपल्या हवामानाला ते ठीकच आहे. भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक नसावी, असे थंड प्रदेश वगळून सर्वत्र सांगितले आहे. ते साधायला वीट बदला, छज्जा वाढवा, पश्चिमेची काच कमी करा, कसेही करा. आठ इंची एएसी, म्हणजे पोटात हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या, ब्लॉकच्या भिंतीची यू-व्हॅल्यू विटांच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी भरते, आणि तो ब्लॉक हल्ली सोलापुरात सर्रास मिळतो. आणि जेथे मी तोंडघशी पडलो ते कलम असे: उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या ठरावीक टक्क्यांहून कमी असता कामा नये, उष्ण-कोरड्या हवामानात १० टक्के, उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के. म्हणजे आपली संहिता घर बंद करायला सांगत नाही, उघडायला सांगते. भावाला वारा हवा होता आणि तो त्याला त्याच्याच देशाचा नियम देत होता, तेव्हा मी त्याला तीन काचांच्या खिडक्यांचे फोटो पाठवत होतो.

मात्र ती संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या बांधकामांसाठी आहे. पाच गुंठे म्हणा. भावाचा प्लॉट त्याच्या निम्मा. २०२२ च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्यात निवासी इमारतींचाही समावेश झाला, पण तेथेही उंबरठा १०० किलोवॉटच्या एकूण जोडलेल्या वीजभाराचा आहे, तो एखाद्या मोठ्या संकुलालाच लागतो. राज्यांना तो खाली आणता येतो एवढेच. अडीच गुंठ्यांवर स्वतःच्या बचतीतून आणि बँकेच्या कर्जातून घर बांधणारा माणूस या सगळ्याच्या बाहेर राहतो. त्याच्या नकाशात एफएसआय तपासला जातो, बाजूची मार्जिन तपासली जातात, जिन्याची रुंदी पाहिली जाते, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणीही त्याला विचारत नाही की या छताखाली मे महिन्यात माणूस कसा झोपणार आहे. फ्रिजवर तारे आहेत, एसीवर तारे आहेत, २०२० पासून एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येतो. ज्या खोक्यात हा पाच ताऱ्यांचा एसी बसवायचा त्या खोक्यावर एकही तारा नसतो. खट्टर यांच्या आकड्यावर तीन दिवस भांडणाऱ्या माझ्या नातेवाइकांवर मी यासाठी चिडलो होतो: भांडण रिमोटवर चालले होते आणि स्लॅबचे सेंट्रिंग लागायला दोन महिने उरले होते. घराच्या बाबतीत शहाणपणाची एक मुदत असते, ती स्लॅब आणि वॉटरप्रूफिंग होईपर्यंतच असते, आणि नंतर पुढची पन्नास वर्षे फक्त वीजबिल असते.

सोलरचा मुद्दा भावाने काढला आणि तो बिनतोड वाटावा असाच आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे, बिल शून्यावर येते, मग फोमवर पैसे का घालायचे? शिवाय पॅनलची सावली स्लॅबवर पडते, तीही फुकट. सावलीचे खरे आहे, पण ३ किलोवॉटची पॅनल फार तर तीनशे चौरस फूट झाकतील. उरलेले आठशे फूट उन्हातच. बिलाचेही खरे आहे, पण बिल शून्य होणे आणि घर गार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसी रात्री चालतो, पॅनल दिवसा. नेट मीटरिंगमुळे महावितरणच्या कागदावर दोन्हींची वजाबाकी होते, परंतु रात्री अकराला बेडरूममध्ये येणारी वीज मुख्यतः कोळशाची असते, आणि सोलापूरकरांना त्यासाठी लांब पाहायला नको, एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे केंद्र जवळच उभे आहे. केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी उतरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ती मागणी यंत्राने थोडी उतरेल, घराने अधिक उतरेल, आणि वीज गेली की यंत्राचा हिस्सा त्याच क्षणी शून्य होतो. २००५ च्या आसपासचे भारनियमन ज्यांनी सोलापुरात काढले त्यांना हे मी का सांगावे? आम्ही गच्चीवर बादलीने पाणी मारून, वाफ जिरल्यावर गाद्या टाकत असू. आता गच्चीवर कोणी झोपत नाही. डास आहेत, चोऱ्या आहेत, आणि एसी आहे.

येथवर लिहिल्यावर मला प्रामाणिकपणे हेही लिहिले पाहिजे की मी जो जर्मनी भावाला दाखवतो तो निवडून दाखवतो. येथे आल्यावर पहिली सहा वर्षे आम्ही ज्या जुन्या इमारतीत भाड्याने राहिलो, तेथे उत्तरेच्या कोपऱ्यात दर हिवाळ्यात बुरशी धरत असे आणि मालकीण तिचे खापर आमच्या फोडण्यांवर फोडत असे. दिवसातून तीनदा श्टोसल्युफ्टेन करा, म्हणजे खिडक्या सताड उघडून हवा बदला, असे तिने दारामागे लिहून चिकटवले होते. येथील बहुसंख्य घरे १९७७ च्या नियमाच्या आधीची आहेत आणि तशीच गळकी आहेत. काटकसरीच्या नव्या घरांना मिळणारे स्वस्त सरकारी कर्ज २४ जानेवारी २०२२ ला एका दिवसात बंद झाले. आमचे अर्ज वर्षभर आधी झाले होते म्हणून आम्ही सुटलो, ओळखीचे एक जोडपे अडकले. २०२३ मध्ये घरातल्या हीटिंगच्या कायद्यावरून तेव्हाचे आर्थिक व्यवहार व हवामान खात्याचे मंत्री रोबेर्ट हाबेक यांची जी धुलाई झाली, ती आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला लाजवील अशी होती: सरकार आता आमच्या तळघरात शिरणार का, हाच प्रश्न, हाच सूर. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या घरांचा दर्जा आणखी कडक करण्याचा बेत सरकारने गुंडाळून ठेवला, कारण वर्षाला ४ लाख घरांचे आश्वासन होते आणि त्या वर्षी पुरी झाली सुमारे २ लाख ९४ हजार. कडक नियमांनी घर महाग होते हा येथील बांधकामवाल्यांचा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. मी भावाशी बोलताना हे सारे गाळतो. तोही मला पहिल्या पावसात गच्चीवर साचलेल्या पाण्याचे फोटो पाठवत नाही, फिटंफाट आहे.

आणि २०२२ चा जुलै. आई प्रथमच उन्हाळ्यात आमच्या नव्या घरी आली होती. त्या २० तारखेला आमच्याच राज्यात बाड मेर्गेंटहाइमला ४०.३ अंशांची नोंद झाली. मी कामावर गेलो होतो, मुले शाळेत, आणि सवयीने आम्ही दक्षिणेकडच्या सगळ्या रोलाडन, म्हणजे खिडक्यांबाहेरच्या गुंडाळत्या झडपा, सकाळीच वर करून ठेवल्या होत्या, कारण वर्षातले दहा महिने ऊन आत यावे म्हणून आपण येथे जिवाचे रान करतो. संध्याकाळी घरी आलो तर वरच्या खोलीत एकतीस अंश. आत आलेली ऊब बाहेर जाऊ न देण्याचे काम माझ्या हिरव्या पट्ट्यातल्या घराने चोख बजावले होते. घरात पंखा नव्हता. दुकानांतले संपले होते. आई म्हणाली, "अरे, दिवसा पडदे लावायचे, रात्री खिडक्या उघडायच्या. एवढं मोठं घर घेतलंस, कुणी सांगितलं नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने सर्व रोलाडन स्वतः पाडल्या, रात्री दोन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडून जिन्यातून वारा खेळवला, आणि तिसऱ्या दिवशी घर पंचवीसवर आले. बाराला पुढचे दार लावून घेणारी माझी आजी तिच्या हातांत होती. रोलाडनच्या पट्ट्या मी तोवर फक्त ओढायला जड म्हणून ओळखत होतो.

तरीही स्लॅबच्या बाबतीत मी मागे हटलो नाही, आणि फोनवर जे व्हायचे ते झाले. भाऊ म्हणाला, "दादा, तू मेमध्ये शेवटचा कधी आलास?" मी मोजू लागलो. मुलांच्या सुट्ट्या येथे जुलैअखेर सुरू होतात, आम्ही येतो ते ऑगस्टात किंवा नाताळात. अकरा वर्षांत मी सोलापूरचा मे महिना पाहिलेला नाही. ज्या उष्णतेबद्दल मी वॉट मोजून भांडत होतो, ती माझ्या लेखी एक आठवण आहे, आणि त्याच्या लेखी रात्री दोनला उठून मुलीची उशी उलटी करणे आहे. त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होते: घरात माझेही पैसे आहेत, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "आहेत की. वरची खोली तुझीच आहे." आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, एकवीस अंशांच्या निःशब्द हवेत. तीन सेंटीमीटर फोमसाठी मी इतका का पेटलो होतो? भावाच्या वीजबिलाची काळजी, हे कारण मी बायकोलाही सांगितले, तिने मान हलवली आणि पुस्तक मिटले नाही. खरे हे असावे की त्या घरात माझ्या हातचे काहीतरी असावे असे मला वाटत होते. जोते, कॉलम, दाराची चौकट, देवघराची दिशा, सर्व माझ्याविना ठरत होते, योग्य रीतीने ठरत होते, आणि मला येथून घालता येण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे येथले ज्ञान. निवृत्तीनंतर आम्ही परत येऊ असे मी इतकी वर्षे म्हणत आलो आहे, आणि ते घर मी अशा रीतीने बांधवत होतो की परत येणाऱ्या मला त्रास होऊ नये. येथील घरात कायद्याने माझे काही चालू दिले नाही, आणि तेथील घरात प्रेमाने.

दोन दिवसांनी मी भावाला न विचारता फोमचे पैसे पाठवले, आणि सोबत एक ओळ की गवंड्याला हवे तर मखर म्हणू दे.

फेब्रुवारीत वॉटरप्रूफिंग झाले. त्याने फोटो पाठवला: पांढरी शुभ्र चायना मोझॅकची गच्ची, ऊन परतवणारी, त्यासाठी मी त्याला कधीच काही सांगितले नव्हते, ते त्याचे त्यानेच केले होते. पण मोझॅकमध्ये एका बाजूला चौकोनी उंचवटा दिसत होता, जेमतेम एका खोलीएवढा. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला की शीट मागवली तेवढी आली नाही, सोलापुरात एवढा साठा कोणाकडे नव्हता, पावसाआधी काम उरकायचे होते, म्हणून जेवढी आली तेवढी माझ्या खोलीवर टाकून घेतली.

मला काही सुचेना. वर्षातून तीन आठवडे, तेही ऑगस्टात नाहीतर डिसेंबरात, ज्या खोलीत कोणी झोपते तीच तेवढी नियमाप्रमाणे झाली होती. मी म्हणालो, अरे, माझ्या खोलीवर कशाला, तुमच्या खोलीवर घालायची होती, पोरीच्या खोलीवर घालायची होती.

"अरे दादा," तो म्हणाला, "सगळ्यात मोठी खोली तुझीच आहे. एप्रिल-मेमध्ये आम्ही सगळे तिथेच झोपणार आहोत. आईची खाट आत्ताच वर नेलीय."